पांढरं धोतर, सावळा चेहरा: वारीच्या फोटोंमधलं एक्स्पोजर आणि फोकस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गेल्या वर्षी तुम्ही क्रॉप सेन्सरचा (म्हणजे चित्र टिपणारा सेन्सर आकाराने लहान असलेला) एक वापरलेला डीएसएलआर घेतला, सोबत १८-५५ ची किट लेन्स आणि नंतर ५० मिमी एफ/१.८. आळंदीहून निघालेल्या पालखीबरोबर सासवडपर्यंत चालत फोटो काढले. दिवसाच्या फोटोंत वारकऱ्यांचे चेहरे काळवंडले, धोतरं मळकट दिसली. रात्री कीर्तनाचे फोटो हलले. ५० मिमीने जवळून घेतलेल्या चेहऱ्यांत कान शार्प आणि डोळे मऊ आले. आता यंदा मॅन्युअल मोड शिकूनच जावं की कॅमेराच बदलावा, असं तुम्ही विचारलंय.

कॅमेरा बदलू नका. मॅन्युअलचं नंतर पाहू. त्याआधी प्रत्येक फोटोपुरतं एक ठरवायला शिका: या चौकटीत काय बरोबर यायलाच हवं? वारीत ते बहुतेक वेळा चेहरा असतं. कॅमेरा चौकटभर पसरलेला उजेड मोजतो आणि फोकस करताना जे जवळचं आणि ठळक असेल त्याला धरतो. आजीबाईंचा चेहरा महत्त्वाचा की त्यांच्या डोक्यावरचं तुळशीवृंदावन, हे त्याला ठाऊक नसतं. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी हेच आहे. तुमच्याऐवजी कॅमेऱ्याने ठरवलं, आणि त्याच्या हिशेबाने ते बरोबरच होतं.

आधी काळे चेहरे. कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवरून परतलेला उजेड मोजतो. समोर काय आहे हे त्याला माहीत नसल्यामुळे तो असं धरून चालतो की जे काही आहे त्याची सरासरी मध्यम राखाडी असेल, आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, त्या राखाडीला नेऊन बसवतो. रोजच्या दृश्यांत, म्हणजे झाडं, रस्ता, घरं, माणसं असतील तिथे हा अंदाज चालून जातो. पण दिंडीत चौकटभर पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या आणि वर ढगाळ पांढरं आभाळ असतं. मीटरला वाटतं, उजेड फार झाला. तो एक्स्पोजर खाली ओढतो, पांढरं राखाडी होतं आणि आधीच सावळा, टोपीच्या सावलीतला चेहरा आणखी खाली जातो. मळकट धोतर आणि काळा चेहरा या दोन तक्रारी वेगळ्या नाहीत. एकाच कमी एक्स्पोजरची ती दोन टोकं आहेत.

उपाय एका बटणावर आहे: एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. बॉडीवर अधिक-उणे चिन्ह असलेलं बटण किंवा चकती असते, तीच. पांढरं जास्त असेल तर अधिककडे जायचं. सुरुवातीला हे उलटं वाटतं, कारण उजळ दृश्य दिसलं की हात उणेकडे जातो. दिंडीच्या मधोमध उभं राहून समोरून घेत असाल तर अधिक २/३ ते अधिक १ पासून सुरू करा (हे आकडे स्टॉपचे, एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आभाळ चौकटीत बरंच येत असेल आणि चेहरा आभाळाच्या विरुद्ध उभा असेल, तर अधिक १ २/३ पर्यंतसुद्धा जावं लागतं. याउलट काळी घोंगडी पांघरलेला माणूस चौकट भरून असेल, किंवा अंधाऱ्या देवळाच्या दारात एकच उजळ चेहरा असेल, तर उणे २/३ ते उणे १ १/३.

हे नुसतं वाचून पटणार नाही, म्हणून घरी करून पाहा. खिडकीजवळ एक पांढरा टॉवेल टांगा आणि चौकट पूर्ण भरेल इतक्या जवळून, कॉम्पेन्सेशन शून्यावर ठेवून फोटो काढा. मग त्याच जागी काळी छत्री उघडून धरा आणि तसाच फोटो काढा. (ऑटोफोकस सपाट कापडावर अडला तर मॅन्युअल फोकस करा, इथे शार्पपणाचं महत्त्व नाही.) दोन्ही फोटो शेजारी लावले की टॉवेल आणि छत्री जवळजवळ एकाच राखाडीचे दिसतील. मग टॉवेलला अधिक दीड आणि छत्रीला उणे दीड देऊन पुन्हा काढा. मीटर कसा विचार करतो हे या प्रयोगाइतकं स्वच्छ दुसऱ्या कशातून समजत नाही.

आता किती वाढवायचं याची मर्यादा. मागच्या स्क्रीनवर नुसतं चित्र पाहून ठरवू नका. उन्हात स्क्रीन अंधारी दिसते, रात्री ती भगभगीत दिसते, आणि दोन्ही वेळा फसवते. मेनूत हायलाइट वॉर्निंग चालू करा. तपशील उडालेला भाग लुकलुकतो. धोतराच्या एखाद्या चुणीवर जरा लुकलुकलं तर सोडून द्या, पण सगळी टोपी लुकलुकायला लागली तर १/३ स्टॉप खाली या. आभाळ लुकलुकलं तर काय करायचं? ढगाळ, सपाट, पांढऱ्या आभाळात तसाही काही तपशील नसतो. मी ते खुशाल जाऊ देतो आणि पुढच्या वेळी चौकट खाली झुकवून आभाळच कमी घेतो. आभाळात काळे ढग चढून आलेत आणि तेच फोटोचं कारण आहे, तेव्हा मात्र निर्णय फिरतो. तिथे आभाळ सांभाळायचं आणि माणसं सावलीसारखी येऊ द्यायची.

भगव्या पताकांकडे वेगळं लक्ष द्या. सेन्सर लाल, हिरवा आणि निळा उजेड वेगवेगळा नोंदवतो. उन्हातली भगवी पताका लाल चॅनेल भरून टाकते, तेव्हा साध्या, एकाच पांढऱ्या आलेखाच्या हिस्टोग्रामवर (चौकटीत काळं ते उजळ काय किती आहे हे डावीकडून उजवीकडे दाखवणारा आलेख) सगळं ठीक दिसत असतं. फोटो घरी उघडला की पताकेच्या घड्या गायब, नुसता केशरी पट्टा. कॅमेऱ्यात तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम दाखवायची सोय असेल तर तो लावा आणि लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटून उभा राहिला तर थोडं खाली या. गणपतीतला गुलाल, हळदीचा भंडारा, लग्नातला लाल शालू, सगळीकडे हीच काळजी लागते.

आणि रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने नोंदवलेली कच्ची फाइल, काढा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. काळवंडलेला चेहरा नंतर थोडा उचलायचा असेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो. लक्षात ठेवायचं ते इतकंच की मागच्या स्क्रीनवरचा हिस्टोग्राम रॉचा नसून कॅमेऱ्याने तयार केलेल्या जेपेग चित्राचा असतो, त्यामुळे तो जरा आधीच घाबरवतो. सुरुवातीला रॉ आणि जेपेग दोन्ही ठेवा. कार्डावर जागा जाते, जाऊ द्या.

आता अ‍ॅपर्चर (लेन्समधलं भोक, एफचा आकडा लहान तितकं ते मोठं), शटर (उजेड किती वेळ आत येतो) आणि आयएसओ (आलेला उजेड किती वाढवून घ्यायचा). तुम्हाला व्याख्या माहीत आहेत असं प्रश्नावरून दिसतं, अडतंय ते आकड्यांच्या देवाणघेवाणीवर. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. शटरमध्ये ते सरळ आहे: १/१२५ सेकंदावरून १/२५० ला गेलात की निम्मा. आयएसओ ४०० वरून ८०० म्हणजे दुप्पट उजळ. अ‍ॅपर्चरचे आकडे मात्र १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चालतात, कारण ते भोकाच्या व्यासाशी बांधलेले असतात आणि उजेड क्षेत्रफळावर अवलंबून असतो. ही माळ पाठ करून टाका. एका बाजूला एक पायरी चढलात की दुसरीकडे एक उतरायची, बास.

उजेडाचा अंदाज डोळ्याने करू नका, कारण डोळा पटकन जुळवून घेतो. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ आणि साधारण १/१०० हे जुनं, अजूनही खरं गणित आहे. पण ज्येष्ठ-आषाढाच्या दिवसांत ऊन भरवशाचं नसतं. ढगाळ दुपारी साधारण एफ/५.६, १/५००, आयएसओ ४०० असं बसतं. ढग दाटले की आयएसओ ८००. तेच एखाद्या घरात ट्यूबलाइटखाली आलात की दुपारच्या उन्हाच्या तुलनेत नऊ स्टॉप, म्हणजे सुमारे ५०० पट कमी उजेड असतो. तुम्हाला खोली लख्ख वाटते, सेन्सरला ती अंधारी असते. तुमच्या कीर्तनाच्या फोटोंचं दुखणं इथे आहे.

ते गणित मांडून पाहू. मांडवात ट्यूबलाइट आणि एखादा हॅलोजन, जवळपास घरातल्याइतकाच उजेड. किट लेन्स ५५ मिमीपर्यंत ओढली की तिचं सगळ्यात मोठं अ‍ॅपर्चर एफ/५.६ होतं. आयएसओ १६०० ठेवलात तर शटर १/३० च्या आसपास येतं. त्या वेगाला तुमचा हात स्थिर असला, लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असलं, तरी बुवांचा हात आणि डोकं हलणारच. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा कंप सावरतं, समोरच्या माणसाला थांबवत नाही. तीच जागा, तोच आयएसओ, पण ५० मिमी लेन्स एफ/२ ला: शटर १/२५० ला येतं. तीन स्टॉपचा फरक, आणि तो तुमच्या पिशवीतच पडून होता. रात्रीच्या कीर्तनाला किट लेन्स लावूच नका.

तरी उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवा, ३२०० किंवा ६४०० ला जा. नॉइजची, म्हणजे फोटोत उठणाऱ्या दाण्यांची, भीती नव्या लोकांना फार घालून ठेवलेली असते. दाणेदार फोटो पाहवतो, छापताही येतो, हललेला चेहरा कशानेच परत येत नाही. आयएसओ कमी ठेवून फोटो काळा घ्यायचा आणि घरी उजळवायचा, हा तर सगळ्यात वाईट व्यवहार आहे. अंधारातून उचललेल्या भागात दाणे आणि रंगीत डाग जास्त दिसतात. बरोबर उजेडाचा ६४०० चा फोटो दोन स्टॉप काळ्या १६०० च्या फोटोपेक्षा, निदान जेपेगमध्ये, नेहमी बरा निघतो.

मांडवातली आणखी एक गोष्ट. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आणि बरेच स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/२५० किंवा १/५०० ठेवलं तर लागोपाठच्या फोटोंत एक उजळ, एक काळपट, एक पिवळसर असं होऊ शकतं, किंवा चौकटीत आडवे पट्टे येतात. तेव्हा तुमचं काही चुकलेलं नसतं. शटर १/१०० ला आणा, पट्टे बहुतेक वेळा जातात. मग हलण्याचा धोका राहतो, त्यासाठी क्षण निवडायचा: बुवा ओवी संपवून थांबतात, टाळकरी एका लयीत खाली वाकतात आणि क्षणभर स्थिर होतात, तेव्हा. पखवाजावरचा हात थोडा हलला आणि वादकाचा चेहरा शार्प राहिला, तर तो फोटो मला जास्त आवडतो. फ्लॅश मात्र नको. कीर्तनात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर तो उडवू नये, हे माझं ठाम मत आहे आणि त्यात फोटोग्राफीचा मुद्दा नंतर येतो.

मोडबद्दल. ‘मॅन्युअलवर काढतो तोच खरा फोटोग्राफर’ या समजुतीने शिकणाऱ्यांचं बरंच नुकसान केलं आहे. ढग सरकत असताना, माणसं सावलीतून उन्हात येत असताना तिन्ही चकत्या हाताने फिरवत बसलात तर चेहरे निघून जातात. चालत्या दिंडीसाठी अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) लावा, अ‍ॅपर्चर एफ/५.६, ऑटो आयएसओ चालू. बऱ्याच कॅमेऱ्यांत ऑटो आयएसओच्या मेनूत किमान शटर स्पीड सांगता येतो, तो १/२५० करा आणि आयएसओची कमाल मर्यादा ६४००. आता कॅमेरा शटर १/२५० च्या खाली जाण्याआधी आयएसओ वाढवेल आणि तुमचा अंगठा फक्त कॉम्पेन्सेशनवर राहील. किमान शटर सांगायची सोय तुमच्या बॉडीत नसेल तर शटर प्रायॉरिटी (शटर तुम्ही ठरवता, अ‍ॅपर्चर कॅमेरा) आणि १/२५०, परिणाम जवळपास तोच. चालणाऱ्या माणसांना १/२५० पुरतं, फुगडी किंवा पावली चालली असेल तर १/५०० घ्या.

मॅन्युअल कधी? उजेड स्थिर आणि पार्श्वभूमी बदलती असेल तेव्हा. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण रिंगण आहे. माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण चांदोबाच्या लिंबाला होतं आणि पहिलं गोल रिंगण पुरंदवड्याला, सदाशिवनगरजवळ. तुम्ही यंदा तिथवर जाणार असाल तर ऐका. अश्व धावताना त्याच्या मागे कधी पांढऱ्या टोप्यांची गर्दी, कधी हिरवं रान, कधी नुसतं आभाळ येतं. मीटर दर क्षणी मत बदलतो आणि एकाच दौडीतले फोटो वेगवेगळ्या उजेडाचे निघतात. म्हणून आधीच, अश्व यायच्या पुष्कळ आधी, त्याच उजेडात उभ्या असलेल्या वारकऱ्यांवर चाचणीचे फोटो घेऊन एक्स्पोजर ठरवा आणि मॅन्युअलमध्ये बांधून टाका. शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान. ढग बदलले तर पुन्हा चाचणी. आणि रिंगणाच्या आत शिरून फोटो काढायचा मोह टाळा. दोराच्या बाहेर राहा.

आता फोकस. ‘फोटो ब्लर आला’ या एका वाक्यात तीन वेगळे आजार असतात आणि तिन्हींचं औषध वेगळं. फोटो संगणकावर १०० टक्के मोठा करून पाहा. चौकटीत दुसरं काहीतरी, मागचा खांब, पुढची पताका, कान, शार्प असेल तर फोकस चुकीच्या जागी बसला. स्थिर वस्तू सगळ्या शार्प आणि फक्त हलणारा माणूस पुसट असेल तर शटर कमी पडलं. सगळंच, कडेच्या दिव्यापासून जमिनीपर्यंत, एकाच दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हलला. हात हलण्यासाठी जुना ठोकताळा आहे: शटर लेन्सच्या लांबीच्या उलट्याहून कमी नको, आणि क्रॉप सेन्सरवर लांबी दीडपट धरायची. ५५ मिमीला म्हणजे निदान १/८०. तुमच्या वर्णनावरून कीर्तनाचे फोटो दुसऱ्या प्रकारातले आणि चेहरे पहिल्या प्रकारातले आहेत.

कॅमेऱ्याला सगळ्या फोकस पॉइंटांतून स्वतः निवड करायला लावली असेल तर तो बहुधा सगळ्यात जवळची ठळक गोष्ट धरतो. वारीत जवळ काय असतं? वीणेचा दांडा, टाळ, तुळस, पताकेची काठी. म्हणून सिंगल पॉइंट निवडा आणि तो पॉइंट चार बाजूंच्या बटणांनी हलवून चेहऱ्यावर, जवळून घेत असाल तर जवळच्या डोळ्यावर आणा. मधला पॉइंट डोळ्यावर लावायचा, शटर अर्धं दाबून धरायचं आणि मग चौकट हलवायची, ही पद्धत एफ/५.६ ला खपते. एफ/१.८ ला खपत नाही, आणि त्याचं कारण आकड्यांत आहे.

क्रॉप सेन्सरवर ५० मिमी, एफ/१.८, माणूस दीड मीटरवर: शार्प दिसणारी खोली एकूण साधारण ६ सेंटीमीटर. एक मीटरवर आलात तर ती ३ सेंटीमीटरहूनही कमी. डोळ्यापासून कानापर्यंतचं अंतर याहून जास्त असतं. फोकस लावल्यावर तुम्ही जरा पुढे झुकलात किंवा ते आजोबा बोलता बोलता मागे सरले की डोळा त्या पट्टीबाहेर गेला आणि कान आत आला. तेच दीड मीटरवर एफ/४ केलंत तर खोली १४ सेंटीमीटरच्या आसपास होते, पूर्ण चेहरा आत बसतो, आणि मागची गर्दी तरीही पुरेशी विरघळते. लेन्सवर एफ/१.८ लिहिलंय म्हणून ते दर फोटोला वापरायचं नसतं. दिवसा जवळच्या चेहऱ्यांना एफ/४, दोघं शेजारी बसले असतील तर एफ/५.६. एफ/१.८ आणि एफ/२ रात्रीसाठी राखून ठेवा, आणि तेव्हाही एक पाऊल मागे जा. अंतर दुप्पट झालं की खोली जवळपास चौपट होते, हे फार कमी जण वापरतात.

दुसरं, फोकसचा प्रकार. निकॉन आणि सोनीवर एएफ-एस, कॅननवर वन शॉट: अर्धं बटण दाबलं की फोकस एकदा लागतो आणि तिथेच थांबतो. एएफ-सी, कॅननच्या डीएसएलआरवर एआय सर्व्हो: बटण दाबून आहात तोवर फोकस समोरच्याच्या मागे चालत राहतो. दिंडी तुमच्याकडे चालत येते आहे. फोकस लागल्यावर तुम्ही हसू येण्याची वाट पाहत अर्धा सेकंद थांबलात तर तेवढ्यात तो माणूस अर्धा मीटर पुढे आलेला असतो. चालत्या माणसांना नेहमी एएफ-सी. बसलेल्यांना, मुक्कामावरच्या पंगतीला, देवळातल्या वस्तूंना एएफ-एस. कॅमेऱ्यात दोन्हींतलं स्वतः निवडणारा तिसरा प्रकार असतो, तो मी वापरत नाही, कारण ऐन वेळी तो काय ठरवेल याची खात्री नसते.

सराव घरीच होतो. कुणाला तरी सोसायटीच्या पॅसेजमधून किंवा गच्चीवर तुमच्याकडे सरळ चालत यायला सांगा, एएफ-सी, सिंगल पॉइंट चेहऱ्यावर, छोट्या छोट्या हप्त्यांत फोटो घ्या. पॉइंट चेहऱ्यावर टिकवणं हे हाताचं काम आहे, ते वाचून येत नाही. सलग बटण दाबून धरू नका. जुन्या बॉडीत रॉ फाइलींना तात्पुरती जागा थोडी असते, ती भरली की कॅमेरा अडकतो आणि अश्व नेमका तेव्हाच समोरून जातो. हे एकदा हाताशी आलं की फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या एएफ-ऑन किंवा एई-एल बटणावर द्या. अंगठा दाबलेला असेल तर फोकस पाठलाग करतो, सोडला की जागच्या जागी थांबतो. एकाच मोडमध्ये दोन्ही कामं होतात. सवय लागेपर्यंत अवघड जातं, म्हणून वारीच्या आदल्या दिवशी हा बदल करू नका, आत्ताच करा.

फोकसला कडा लागते, म्हणजे उजेड-काळोखाचा फरक. पांढऱ्या सदऱ्याच्या मधोमध पॉइंट ठेवलात तर लेन्स मागेपुढे फिरत बसेल. सदऱ्याची गुंडी, टोपी आणि कपाळाची सीमा, मिशी, चष्म्याची काडी, अष्टगंधाची रेघ यांवर ठेवा. अंधारात कडेचे पॉइंट अडखळले तर मधला वापरा. बहुतेक साध्या डीएसएलआरमध्ये मधला पॉइंट सगळ्यात संवेदनशील असतो.

दिवे घाटाचा तुम्ही वेगळा उल्लेख केलात, वळणावळणाने चढणारी दिंड्यांची रांग नीट येत नाही म्हणून. तिथे अडचण उलटी आहे, खोली जास्त हवी. १८ मिमी, एफ/८, फोकस साधारण दोन मीटरवरच्या दगडावर: एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं शार्प येतं. एफ/२२ ला जाऊ नका, इतक्या बारीक भोकातून उजेड वाकून पसरतो आणि सगळंच चित्र मऊ होतं. आणि धुकं-पाऊस असेल तर ५५ मिमीने दूरची रांग घेताना ऑटोफोकस धुक्यावर चाचपडतो. कठड्याची किंवा पालखीच्या रथाची स्पष्ट कड शोधून त्यावर लावा, मग मॅन्युअल फोकसवर टाकून ठेवा. मीटरसाठी धुकं म्हणजे पुन्हा पांढरा टॉवेलच, अधिक २/३ द्या.

पावसाचं एक सांगायचं राहिलं. एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढलात तर थंड काचेवर बाष्प धरतं आणि बराच वेळ सगळे फोटो धुरकट येतात. पुसून उपयोग नाही, ते परत येतं. पिशवी बंद ठेवूनच कॅमेऱ्याला बाहेरच्या हवेइतकं उबदार होऊ द्या. लेन्सला हूड लावा, थेंब थेट काचेवर पडत नाहीत. आणि दर काही वेळाने पुढची काच बघा. एक थेंब मधोमध बसला की फोकस चुकल्यासारखाच फोटो दिसतो.

शेवटी कॅमेऱ्यावर शंका घ्यायची असेल तर ती नीट तपासून घ्या. पहिल्यांदा व्ह्यूफाइंडरच्या शेजारची छोटी डायऑप्टर चकती फिरवून आतले आकडे स्पष्ट दिसतात का ते पाहा. ती आधीच्या मालकाच्या डोळ्यांना जुळवलेली राहिली असेल तर तुम्हाला सगळंच पुसट दिसेल आणि फोटोत मात्र नीट असेल. मग वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर ठेवा, ५० मिमी एफ/१.८ ला लावा, अंतर दीड-दोन मीटर, सेल्फ टायमर. एकदा व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकस करून काढा, एकदा लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर पाहून. प्रत्येक वेळी आधी फोकस बिघडवून पुन्हा लावा, आणि दोन्ही प्रकारे पाच-सहा वेळा करा. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरचा फोकस वेगळ्या सेन्सरवरून ठरतो, लाइव्ह व्ह्यूचा मुख्य सेन्सरवरून. लाइव्ह व्ह्यूतली अक्षरं दरवेळी कोरीव आणि व्ह्यूफाइंडरची दरवेळी मऊ आली, तर लेन्स आणि बॉडीची जुळणी बिघडली आहे. मेनूत एएफ फाइन ट्यून किंवा मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट असेल तर ती घरी सुधारता येते. साध्या बॉडींमध्ये ती बहुधा नसते, मग बॉडी आणि लेन्स दोन्ही एकत्रच सर्व्हिस सेंटरला द्यावी लागतात. दुरुस्तीला किती दिवस लागतील ते आधीच विचारा. पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, त्यामुळे ही चाचणी या आठवड्यातच करून टाका. दोन्हीकडची अक्षरं सारखीच शार्प आली तर कॅमेऱ्यात दोष नाही, आणि गच्चीवरच्या सरावाला तुम्ही लागलीच सुरुवात करू शकता.